तेरची तरंगणारी वीट



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत राजे आणि आचार्य यांचा इतिहास आपण वाचतो. आज एका साध्या विटेचा इतिहास सांगावासा वाटतो.

बीडच्या शेजारी, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात तेरणा नदीकाठी तेर हे गाव आहे. त्याचे प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर म्हणून त्याचा उल्लेख आहे. इथले कापड गाड्यांतून भडोच बंदराला जायचे. उत्खननात इथे विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेषही मिळाले. गावातल्या त्रिविक्रम मंदिराची मागची बाजू चैत्यगृहासारखी अर्धगोल आहे. ते मुळात बौद्ध चैत्य असावे, असे संशोधक हेन्री कझिन्स यांचे मत होते. विद्वानांत त्यावर मतभेद आहेत.

तेरच्या काही जुन्या विटा इतक्या हलक्या, की पाण्यात टाकल्या तर तरंगतात. लोक त्याला चमत्कार म्हणतात. पण तथागतांनी आपल्याला कारण शोधायला शिकवले आहे.

मातीत भाताचे तूस किंवा भुसा कालवून वीट थापली, की भट्टीच्या आगीत तो जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. त्यांत हवा भरते. साधी वीट पाण्याच्या दीडपटीहून जड असते. पोकळ्या पुरेशा झाल्या की ती पाण्याहून हलकी होते. भुसा जास्त झाला तर वीट ठिसूळ होते, म्हणून प्रमाण हातालाच कळावे लागते. हलक्या विटेने वरच्या बांधकामाचा भार कमी होतो. तेलंगणातल्या रामप्पा मंदिराच्या (इ. स. १२१३) शिखरातही अशाच तरंगणाऱ्या विटा आहेत. २०२१ साली त्याला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला.

मग हे प्रमाण ठरवणारा कोण? शेतातला टाकाऊ भुसा उचलून माती तुडवणारा कष्टकरी. त्याचे नाव कुठे कोरलेले नाही. तरी त्या काळी कारागिराला पत होती. नाशिकच्या लेण्यात तिसऱ्या शतकातला एक लेख आहे. विष्णुदत्ता या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी दिलेली रक्कम कारागिरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. त्यात कुलरिक, म्हणजे कुंभारांची श्रेणी होती, असा अर्थ लावतात. संघाचा पैसा ज्यांच्यावर विश्वासाने सोपवला, ते मातीत हात घालणारे लोक होते.

आज आपल्या जिल्ह्यातली किती कुटुंबे ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जातात, हे आपण जाणतो. भट्टीवर अजूनही मातीत राख, भुसा कालवतात. पण ते काम करणाऱ्याला कोणी जाणकार म्हणत नाही. पोरांना तेर दाखवायला जरूर न्या. स्तूप कोणत्या राजाच्या काळचा, हे सांगाल तेव्हा वीट कोणी थापली, हेही सांगा. आणि भट्टीवरच्या पोराच्या हातात पाटी-पुस्तक येईल, एवढे आपल्या विहाराने पाहावे. बाबासाहेबांनी शिक्षणाचा मार्ग दाखवला, तो त्याच्यापर्यंतही पोचला पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!