डॅनियल पियर्स थॉम्पसन

डॅनियल पियर्स थॉम्पसन (१ ऑक्टोबर, १७९५ – ६ जून, १८६८) हे अमेरिकन वकील, न्यायाधीश व ऐतिहासिक कादंबरीकार होते. व्हरमाँट राज्याच्या स्थापनेपूर्वीच्या जमीनतंट्यावर आधारलेली ‘द ग्रीन माउंटन बॉइज’ (१८३९) ही त्यांची सर्वाधिक गाजलेली कादंबरी होय.

जीवन

मॅसॅच्युसेट्समधील चार्ल्सटाउन येथे जन्मलेले थॉम्पसन व्हरमाँटमधील बर्लिन गावी शेतावर वाढले. १८२० मध्ये मिडलबरी महाविद्यालयाची पदवी घेऊन ते खासगी शिक्षक म्हणून व्हर्जिनियात गेले व तेथेच वकील झाले. पुढे माँटपेलियर येथे स्थायिक होऊन त्यांनी राज्याच्या कायद्यांचे संकलन केले आणि मृत्युपत्रे व वारसाहक्क पाहणाऱ्या न्यायालयाचे न्यायाधीशपद सांभाळले. १८५३ ते १८५५ या काळात ते व्हरमाँटचे राज्यसचिव होते. गुलामगिरीला विरोध करणाऱ्या ‘ग्रीन माउंटन फ्रीमन’ या वृत्तपत्राचे ते काही वर्षे संपादक होते.

द ग्रीन माउंटन बॉइज

या कादंबरीचा विषय मुळात दिवाणी दाव्याचा आहे. न्यू हॅम्पशायरचे गव्हर्नर बेनिंग वेंटवर्थ यांनी १७४९ पासून कनेक्टिकट नदीच्या पश्चिमेकडील जमिनी सनदा देऊन वाटल्या. १७६४ मध्ये इंग्लंडच्या राजाने हाच प्रदेश न्यूयॉर्कच्या हद्दीत असल्याचे ठरविले. १७७० मध्ये ऑल्बनी येथील न्यायालयाने न्यू हॅम्पशायरच्या सनदा पुरावा म्हणून स्वीकारण्यास नकार दिला. तेव्हा ईथन ॲलन यांच्या नेतृत्वाखाली वसाहतकऱ्यांनी सशस्त्र दल उभारून न्यूयॉर्कचे मोजणीदार व अधिकारी पिटाळून लावले. याच दलाने १० मे, १७७५ रोजी टिकोंडेरोगाचा किल्ला इंग्रजांकडून घेतला.

कादंबरीत ॲलन स्वतःच्या नावाने येतात, तर नायक वॉरिंग्टन हे सेथ वॉर्नर यांचे कल्पित रूप आहे. लेखकाची सहानुभूती उघडपणे वसाहतकऱ्यांच्या बाजूने आहे. ही कादंबरी अनेक पिढ्यांनी जवळजवळ इतिहास म्हणूनच वाचली, त्यामुळे हा एकतर्फीपणा ध्यानात ठेवणे अगत्याचे ठरते. ॲलन व त्यांचे बंधू त्या प्रदेशातील जमिनींचे मोठे व्यवहार करीत होते. न्यूयॉर्कच्या बाजूचे दंडाधिकारी बेंजामिन हफ यांना १७७५ मध्ये २०० फटके मारण्यात आले होते. शिवाय मूळ रहिवासी असलेल्या अबेनाकी लोकांचा हक्क दोन्ही वसाहतींच्या सनदांनी विचारातच घेतला नव्हता.

इतर लेखन

‘लॉक ॲम्सडेन’ (१८४७) ही ग्रामीण शाळामास्तराची कथा आहे. ‘द रेंजर्स’ (१८५१) स्वातंत्र्ययुद्धावर आधारित आहे, तर ‘द डूम्ड चीफ’ (१८६०) या कादंबरीत थॉम्पसन आणखी मागे जाऊन वाम्पानोआग जमातीचा नेता मेटाकॉम याने १६७५ मध्ये इंग्रज वसाहतींविरुद्ध पुकारलेल्या युद्धाकडे वळतात.