तुझ्या वाटणीची मुलगी

घड्याळ काढून ठेवा, चपलाही काढा. पायाखाली आता केडगावची माती आहे आणि भर दुपारी ती अशी तापते की टाच टेकवत नाही. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवरचं हे गाव. साल 1900, उन्हाळ्याचे दिवस. तुमचं वय बारा. अंगात धुऊन धुऊन विटलेला परकर, पाठीवर तेल चोपडलेली वेणी, तळहाताला जात्याच्या खुंट्याने पडलेले घट्टे. बारा वर्षांच्या पोरीला इथे कुणी अहो-जाहो करत नाही, तेव्हा मीही आता तुला 'तू'च म्हणते.

तू मुक्ती सदनातली, पंडिता रमाबाईंची. मागच्या दुष्काळात मध्य प्रांतातून 300 मुली आणायच्या असं त्यांनी मनाशी धरलं आणि आणल्या. त्यांतली तू एक. पुण्यात प्लेगची भीती, सरकार मुलींना शहरात राहू देईना, म्हणून या उघड्या माळावर तंबू ठोकले, गवताच्या झोपड्या उभ्या केल्या. ते दिवस तुला तुकड्यातुकड्याने आठवतात. गाडीच्या डब्यातली लाकडी फळी, कुणीतरी तोंडाला लावलेली वाटी, आणि त्या वाटीतलं संपल्यावरही ती सोडायला तयार नसलेले तुझेच हात.

आता उठ. अजून उजाडलेलं नाही, पण जाती सुरू झाली आहेत. ओळीने मांडलेली जाती, एकेका जात्याला समोरासमोर दोघी, आणि त्या सगळ्यांची मिळून एकच घरघर, जी कानांपेक्षा आधी पोटात ऐकू येते. ज्वारीचं पीठ नाकात जातं, पापण्यांवर बसतं. कुणी आजीकडून ऐकलेली ओवी म्हणते, कुणी सदनात शिकलेलं भजन. जात्याला दोन्ही चालतं. मग घंटा, प्रार्थना, मग न्याहारी, पुन्हा घंटा, आणि मग कुणी विहिरीवर, कुणी मळ्यात, कुणी मागावर, कुणी पाटी घेऊन वर्गात. एवढ्या माणसांचं गाव बायका आणि पोरीच चालवतात. पुरुषाचा आवाज दिवसातून क्वचित ऐकू येतो.

आज मात्र वेळापत्रक मोडलं आहे. गुजरातेत दुष्काळ पडलाय. तिकडचे लोक त्याला छप्पनियो म्हणतात, विक्रम संवताचं छप्पन्नावं साल म्हणून. सदनातल्या बायका तिथे जाऊन बेवारशी मुली गोळा करून आणतायत आणि गाड्यांमागून गाड्या येतायत. वर्ष संपेपर्यंत इथली संख्या दोन हजारांच्या घरात जाईल. हे तुला ठाऊक नाही. तुला एवढंच ठाऊक आहे की काल रात्री आपल्या चटया आणखी जवळ सरकवायला सांगितल्या.

चल, स्टेशनावर. बैलगाड्या आधीच गेल्यात. इंजिनाचा धूर दिसतो, शिट्टी होते, डबे थांबतात, आणि मग जे व्हायला हवं ते होत नाही. कुणी उतरत नाही, कुणी ओरडत नाही. एवढ्या लेकरांनी भरलेला डबा आणि गोंगाट नाही, याची आधी भीती वाटते. मग वास येतो. घामाचा, चिघळलेल्या जखमांचा, मळलेल्या कपड्यांचा, आणि त्याखाली एक आंबट वास, जो तू ओळखतेस, कारण तो एके काळी तुझ्याच तोंडाला होता.

मोठ्या ताई एकेकीला उचलून खाली घेतात. एका ताई तुझ्याकडे वळून बघतात, एक मुलगी तुझ्या हातात देतात आणि म्हणतात, "ही तुझ्याकडे. आंघोळ, खाणं, झोपणं, सगळं तू बघायचं."

बस. एवढंच. प्रवचन नाही, तयारीचा वर्ग नाही. सात-आठ वर्षांची असेल. पाय काटक्या, पोट पुढे आलेलं, बोटांच्या बेचक्यांत खरूज, गुडघ्यावर एक ओली जखम आणि तिच्यावर माश्या. केस रापून तांबडे झालेले आणि त्यांचा एकच गुंता. तुला मागे सरायचं आहे. खरं सांग, अंगावर काटा आला ना? मग हात पुढे कर. काटा आलेला असतानाच करायचा आहे, तो जायची वाट बघत बसलीस तर माश्या तिथेच राहतील.

आवारात कडुलिंबाचा पाला घालून पाणी उकळलेलं आहे. तू तिला दगडावर बसवतेस. पाणी अंगावर पडताच ती कळवळते, मग गप्प बसते. खरं संकट कात्री बघितल्यावर उभं राहतं. ती जी किंचाळते, ती थांबतच नाही. तिची भाषा तुला कळत नाही, पण किंचाळणं कळतं. बाईमाणसाचे केस कधी उतरवतात हे तिने तिच्या गावात पाहिलेलं असणार. आपल्याला विधवा करतायत असं तिला वाटलं आहे. तू काय करणार? शब्द नाहीत. तू आपली वेणी पुढे घेतेस, तिच्या हातात देतेस, मग मुठीने आपल्या डोक्यावर सगळे केस कापल्याची खूण करतेस, मग पुन्हा वेणी दाखवतेस. कापले होते, आले. ती वेणी ओढून बघते. चांगली जोरात ओढते. खरी आहे. रडणं हुंदक्यांवर येतं आणि कात्री चालू होते.

तेवढ्यात आवारातून रमाबाई जातात. पांढरं सुती लुगडं, कानाबरोबर कापलेले केस, घारे डोळे. या बाईला दुष्काळ पुस्तकातून कळलेला नाही. त्यांचे आईवडील उपासमारीनेच गेले. रानातला पाला खाऊन दिवस काढले. पुढे थंडीत अंगावर घालायला नव्हतं तेव्हा झेलम नदीच्या काठी भावाबहिणीने वाळूत थडग्याएवढे खड्डे खणले, आत आडवे झाले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. मला वाटतं, सदनात नव्याने आलेल्या पोरीला जुनी पोर जोडून द्यायचं शहाणपण तिथूनच आलं असावं. उपाशी माणसाची भाषा उपाशी राहिलेल्यालाच आधी कळते.

जेवण. आधी भाकरी द्यायची नाही, हे तुला बजावलेलं आहे. उपाशी पोटात एकदम भाकरी गेली तर जीव जातो. म्हणून कण्यांची पातळ पेज, थोडी थोडी. ती वाटी एका घोटात संपवते आणि दुसऱ्या मुलीच्या वाटीवर झडप घालते. तिला पाणी हवंय. तू घागरीकडे वळतेस तशी शेजारची तुझ्या कानाशी लागते, "हिची जात कोणती, काय ठाऊक? आपल्या घागरीतलं देतेस?"

पंगतीला सगळ्या एकत्र बसतात, असा इथला नियम. पण नियम एका दिवसात रक्तात उतरत नाही. तू स्वतः आलीस तेव्हा परक्या हातची भाकरी घेताना कितीदा तोंड फिरवलं होतंस! आणि ही शेजारीण काही वाईट नाही, तुझी मैत्रीण आहे, रात्री तिच्याच पांघरुणाचं टोक तू ओढून घेतेस. म्हणूनच हा क्षण अवघड आहे. परक्यासमोर ताठ उभं राहणं एक वेळ जमतं. जिच्याशी रोज खेळायचंय तिचा शब्द मोडणं जड जातं. तू घागर कलंडवतेस. मैत्रीण तोंड वळवते आणि त्या दिवशी तुझ्याशी बोलत नाही. हे तुला लागतं, रात्रीपर्यंत लागत राहतं.

इथे जरा थांबून एक बोलायचं आहे. आपल्या रविवारच्या शाळेत मुलं चांगल्या शोमरोन्याची गोष्ट छान सांगतात, त्याचं चित्र रंगवतात, वचन पाठ म्हणून बक्षीस घेतात. त्यांना ते जरूर करू द्यावं. पण त्या गोष्टीत तेल आणि द्राक्षारस जखमेवर ओतणारे हात आहेत, आणि आपण मुलांच्या हातांना रंगपेटीपलीकडे काही देत नाही. आजारी आजीचे पाय चेपायला, वर्गात एकटं पडलेल्या मुलाशेजारी जाऊन बसायला आपण त्यांना लहान समजतो. केडगावात बारा वर्षांची मुलगी लहान समजली गेली नाही, कारण समजून परवडणारच नव्हतं.

संध्याकाळी कंदिलाभोवती गोष्ट होते. आज नामान सेनापतीची. पण ताई सेनापतीपासून सुरुवात करत नाहीत. त्या सुरुवात करतात त्याच्या घरातल्या पोरीपासून, जिला लढाईत पकडून परमुलखात आणलं आणि मालकिणीच्या कामाला जुंपलं. बायबलात तिचं नावसुद्धा नाही. मालकाला कोड होतं. ती गप्प बसू शकली असती, तिचं काय जात होतं? तिने सांगितलं की शोमरोनात एक संदेष्टा आहे, त्याच्याकडे गेलात तर बरे व्हाल. मुली ऐकताना पुढे पुढे सरकतात. घरापासून तुटून आलेली, परक्यांत राहिलेली पोर म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

काही दिवस जातात. सगळ्याच मुली वाचत नाहीत. एखाद्या सकाळी शेजारची चटई गुंडाळलेली असते आणि कुणी कुणाला विचारत नाही. तुझी मात्र तग धरते. 'बा' म्हणून झोपेत हाक मारते, भाकरीला 'रोटलो' म्हणते आणि तुझा परकर धरून सगळीकडे मागे मागे येते.

मग एके दिवशी पंगतीत भाकऱ्या कमी पडतात. ओरडा होतो. मोठ्या मुलींपैकी एक म्हणते, ती गुजरातची चोरटी असणार. बघता बघता दहा तोंडं तेच म्हणायला लागतात. तुला ठाऊक आहे की तीच आहे. रात्री तिच्या चटईखाली मुंग्यांची रांग तू पाहिली आहेस. तू उभी राहतेस. गुडघे कापतायत, कान गरम झालेत, आणि सगळ्या पंगतीचे डोळे तुझ्यावर. तू सांगतेस: होय, हिनेच घेतल्या. मला कालपासून माहीत होतं, मी बोलले नाही. ही खाण्यासाठी घेत नाही, उद्या मिळणार नाही म्हणून ठेवते. मीसुद्धा ठेवत होते. आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, तू त्या पाणी नाकारणाऱ्या मैत्रिणीकडे बघून म्हणतेस, "तूही ठेवत होतीस. माझ्या उशाशी."

ती लाल होते. क्षणभर वाटतं, आता ही उठून जाईल. ती आपल्या ताटातली भाकरी मोडते, अर्धी त्या पोरीच्या पुढ्यात टाकते आणि फणकाऱ्याने म्हणते, "घे. आणि चटईखाली ठेवू नकोस, मुंग्या मला चावतात."

पुढची गाडी आली तेव्हा आवारात पुन्हा कडुलिंबाचं पाणी उकळलं, पुन्हा कात्री निघाली, पुन्हा एक पोर जिवाच्या आकांताने किंचाळली. तू पुढे होणार तेवढ्यात तुझी वेणी मागून खस्सकन ओढली जाते. तुझ्या वाटणीची ती पोर तुला वेणीसकट फरपटत त्या नवीन पोरीपुढे नेते, आपल्या डोक्यावरचे नुकते उगवू लागलेले केस दाखवते, तुझी वेणी तिच्या नाकासमोर नाचवते आणि गुजरातीत भराभरा काहीतरी बजावते. मग तुझ्या आधी बादलीला हात घालते. बादली तिला पेलत नाही. निम्मं पाणी तुझ्या परकरावर, उरलेलं नवीन पोरीच्या पायांवर.