सिलिंडर गोल करणारा माणूस

जेम्स वॅटला स्वतंत्र कंडेन्सरची कल्पना सुचली १७६५ मध्ये, आणि त्याची यंत्रे प्रत्यक्ष धंद्यात रुजू झाली १७७६ मध्ये: एक टिप्टनजवळच्या कोळशाच्या खाणीवर, दुसरे जॉन विल्किन्सनच्या लोखंडाच्या भट्टीवर. मधली अकरा वर्षे शालेय पुस्तकांतून गळून पडतात आणि उकळत्या किटलीची गोष्ट तेवढी उरते. पैशाची चणचण होतीच. वॅटचा पहिला भागीदार जॉन रोबक याचे १७७३ मध्ये दिवाळे निघाले आणि त्याचा हिस्सा बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनकडे गेला. पण नुसत्या भांडवलाने हे यंत्र चालले नसते. घोडे अडले होते एका गोल भोकापाशी.

न्यूकोमेनच्या १७१२ च्या यंत्रात वाफ सिलिंडरमध्येच थंड पाण्याच्या फवाऱ्याने निववत. दट्ट्याच्या प्रत्येक फेरीला सिलिंडर तापवायचा आणि पुन्हा थंड करायचा, यात कोळसा बेसुमार जळे. मात्र दट्ट्यावर पाण्याचा थर ठेवला की बाजूची फट बुजे, त्यामुळे सिलिंडर ओबडधोबड असला तरी चाले. वॅटच्या कंडेन्सरमध्ये वाफ सिलिंडरबाहेर, वेगळ्या भांड्यात निवे. त्याला सिलिंडर कायम तापलेला हवा होता, म्हणून पाण्याची ही सोय बाद झाली आणि दट्ट्या भिंतीला सगळीकडून सारखा भिडणे भाग पडले. तेव्हा सिलिंडर कोरायचे पाते एका लांब दांड्याच्या टोकाला बसवलेले असे आणि दांड्याला आधार एकाच बाजूचा. ओतकामात भिंत जिथे वाकडी आली असेल, तिथे पातेही वाकडे जाई. विल्किन्सन तोफा कोरण्यात मुरलेला. त्याने दांडा सिलिंडरच्या आरपार नेला, दोन्ही टोकांना भक्कम आधार दिला आणि फिरत्या दांड्यावरून पाते पुढे सरकवले. टिप्टनच्या ५० इंची सिलिंडरमध्ये कुठेही जुन्या शिलिंगच्या जाडीइतकाही फरक नाही, असे बोल्टनने लिहून ठेवले आहे. माझ्या मते औद्योगिक युगाच्या इतिहासातले हे सर्वांत दुर्लक्षित वाक्य आहे.

यावर कोणी म्हणेल, कल्पना तर वॅटचीच. विल्किन्सन नसता तर दुसऱ्या कोणी भोक पाडले असते. पहिला भाग निर्विवाद आहे. जॉन स्मीटनसारख्या कसलेल्या अभियंत्याने मोजमापे घेऊन न्यूकोमेनचे यंत्र पुष्कळ सुधारले, पण कंडेन्सर त्याला सुचला नाही. वॅटने ग्लासगो विद्यापीठातल्या त्याच यंत्राच्या मोडक्या नमुन्यावर वाफ किती खर्ची पडते हे मोजले आणि अप्रकट उष्णतेचा उलगडा जोसेफ ब्लॅककडून समजून घेतला. ही बुद्धी सामान्य नव्हे. पण ‘दुसरा कोणी’ हा न्याय विल्किन्सनला लावायचा तर वॅटलाही लावावा लागेल. एकाचे काम अटळ आणि दुसऱ्याचे अलौकिक ठरवायला पुरावा कोणता? हात काळे करणाऱ्याचे श्रेय डोके चालवणाऱ्याच्या खात्यात टाकायची जुनी सवय, एवढेच त्यामागे दिसते.

श्रेय एकट्याचे ठरले की मालकीही एकट्याची ठरते, आणि त्याने काय होते, हे कॉर्नवॉलच्या खाणींत दिसते. तिथे कोळसा नाही, तो समुद्रमार्गे वेल्सहून आणावा लागे. त्यामुळे वॅटचे यंत्र तिथे हातोहात खपले. मोबदला म्हणून वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा खाणमालकांना बोल्टन आणि वॅटला द्यावा लागे. संसदेने १७७५ मध्ये वॅटच्या पेटंटची मुदत १८०० पर्यंत वाढवली होती आणि जोनाथन हॉर्नब्लोअरचे दोन सिलिंडरांचे यंत्र त्याच पेटंटपुढे अडले. वॅटला संरक्षण मिळाले नसते तर बोल्टनने पैसा घातला नसता, हा आक्षेप रास्त आहे आणि सुरुवातीच्या वर्षांपुरता मला मान्यही आहे. पण पंचवीस वर्षांची वाढ त्याने समर्थनीय ठरत नाही. पेटंट संपल्यावर, १८११ पासून, कॉर्नवॉलच्या खाणींच्या यंत्रांचे आकडे दरमहा छापून येऊ लागले: कोणत्या यंत्राने किती कोळशात किती पाणी उपसले. एका खाणीतली सुधारणा त्यामुळे शेजारच्या खाणीला लगेच कळे. पुढच्या तीनेक दशकांत तेवढ्याच कोळशात तिपटीहून अधिक काम होऊ लागले. त्यात रिचर्ड ट्रेव्हिथिक आणि आर्थर वूल्फ यांची नावे मोठी आहेत. पण या काळात सुधारणा करणाऱ्या बहुतेक कॉर्निश इंजिनवाल्यांनी पेटंट घेतलेच नाही.