तळटीप : बॉस्टनचा पोलीस संप
३. लेखकाने इथे ‘बॉस्टनच्या बेशिस्तीचा’ ओझरता उल्लेख केला आहे. रोख ९ सप्टेंबर १९१९च्या पोलीस संपाकडे आहे. त्या दिवशी संध्याकाळच्या हजेरीनंतर १,५४४ पैकी १,११७ शिपाई काम सोडून निघून गेले. ‘बेशिस्त’ म्हणणे एकतर्फी वाटते. नव्या शिपायाला वर्षाला १,१०० डॉलर मिळत, गणवेश पदरमोड करून घ्यावा लागे, आणि आठवड्याला ७३ ते ९८ तास ड्यूटी असे. रात्रीच्या मुक्कामाची ठाणी उंदीर-ढेकणांनी भरलेली. वैतागून त्यांनी अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरशी संलग्न संघटना काढली. कमिशनर एडविन कर्टिस यांनी १९ जणांना निलंबित केले आणि ठिणगी पडली.

त्या रात्री दुकाने फुटली, बॉस्टन कॉमनच्या हिरवळीवर उघड्यावर जुगाराचे फड बसले. पुढे स्टेट गार्ड उतरले, गोळीबार झाला, माणसे मेली. गव्हर्नर कॅल्व्हिन कूलिज आधी हात राखून होते (हे त्यांचे चाहते सहसा सांगत नाहीत). मग मात्र लोकांच्या सुरक्षिततेविरुद्ध संपाचा हक्क कुणालाच नाही, अशी ठाम तार त्यांनी कामगारनेते सॅम्युएल गॉम्पर्स यांना केली. त्या तारेने ते देशभर गाजले. १९२३मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. संपकऱ्यांपैकी एकालाही परत घेतले नाही. त्यांच्या जागी भरलेल्यांना, त्यांत महायुद्धातून परतलेले बरेच सैनिक होते, १,४०० डॉलर आणि गणवेश फुकट मिळाला. — संपादक