दुसरी गुठळी

शुक्रवार, 23 सप्टेंबर 1955, दुपार

अमेरिकेचे अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर सुट्टीवर आहेत. मुक्काम कोलोराडोतल्या डेन्व्हरला, सासूबाईंच्या घरी. वय 64. पासष्टावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आलाय. चेरी हिल्सच्या मैदानावर दिवसभरात 27 होल गोल्फ झालं. परराष्ट्रमंत्री डलेस यांच्या फोनचे निरोप आले की खेळ सोडून आत जावं लागायचं, त्यावरून साहेब भडकले होते. जेवायला हॅम्बर्गर आणि कच्च्या कांद्याच्या जाड चकत्या होत्या. थोड्या वेळाने पोटात जळजळू लागलं आणि खापर कांद्यावर फुटलं. एके काळी दिवसाला सिगारेटची चार पाकिटं संपवायचे, सहा वर्षांपूर्वी ती सोडली होती.

शनिवार, 24 सप्टेंबर, पहाटे दोनच्या सुमारास

छातीत कळ येऊन जाग आली. पत्नी मेमी यांनी मिल्क ऑफ मॅग्नेशिया दिलं. आपल्याकडे ओवा-सोडा देतात आणि 'गॅस धरला असेल' म्हणतात, तसंच. या एका गैरसमजाने आजवर किती तास खाल्ले असतील!

हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवणारी वाट एका गुठळीने बंद झाली आहे. ही पहिली गुठळी. वीस-तीस मिनिटांत स्नायू मरायला लागतो, तोही आतल्या बाजूने. आतला थर आधी जातो, मग मरण हळूहळू बाहेरच्या थराकडे सरकतं. हा क्रम ध्यानात ठेवावा लागतो, कारण आतला थर म्हणजे कप्प्यातल्या वाहत्या रक्ताला खेटून असलेला थर. पुढची सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

2.54

मेमींनी डॉक्टर हॉवर्ड स्नायडर यांना फोन केला. सतरा मिनिटांत ते घरी पोचले. हुंगायला औषध दिलं, मॉर्फिन टोचलं. हेपॅरिनही दिलं, असं त्यांनी नंतर लिहून ठेवलं. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यावर शंका घेतली आहे. ईसीजी मात्र निघाला नाही. रुग्णवाहिकाही आली नाही. मॉर्फिनने कळ ओसरली आणि अध्यक्ष झोपी गेले.

सकाळ

पत्रकारांना कळवलं गेलं की अध्यक्षांचं पोट बिघडलंय. घरात बोलण्याचे आवाज खाली आले. इथे मला थांबावंसं वाटतं. कळ थांबली की घरातली माणसं सुटकेचा श्वास घेतात आणि रुग्णही म्हणतो, आता बरं वाटतंय. पण मॉर्फिन दुखणं झाकतं, बंद वाट उघडत नाही. सहा तासांत त्या भिंतीतलं वाचवण्यासारखं बहुतेक सगळं संपलेलं असतं. 1955 मध्ये वाट उघडायचा उपायच नव्हता, त्यामुळे त्या सकाळी कोणी चुकलं असं म्हणताना मीही अडखळतो. आज उपाय आहे, म्हणून आज अशी सकाळ गेली तर जीव तुटतो.

दुपारी एक

फिट्झसिमन्स लष्करी रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ कर्नल बायरन पोलॉक यांनी घरीच ईसीजी काढला. निदान पक्कं झालं: पुढच्या भिंतीचा झटका. कळ आल्याला अकरा तास होत आले होते. अध्यक्षांना आधार देऊन, चालवत गाडीपर्यंत नेलं. अडीचच्या सुमारास जगाला खरी बातमी कळली.

सोमवार, 26 सप्टेंबर

न्यूयॉर्कचा शेअर बाजार साडेसहा टक्क्यांनी कोसळला. अंकांमध्ये मोजलं तर 1929 नंतर एका दिवसात इतकी पडझड झाली नव्हती. बॉस्टनहून आलेले हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी पत्रकारांसमोर झटका म्हणजे काय ते सोप्या भाषेत उलगडून सांगितलं, अध्यक्षांना शौचाला झालं हेसुद्धा सांगितलं. लोक हसले म्हणतात, पण रोग्याबद्दल इतकं सरळ बोलणं त्या काळी धाडसाचं होतं.

पहिले चौदा दिवस

दुसऱ्या गुठळीचा काळ हाच. पुढच्या भिंतीचा झटका मोठा असेल तर डाव्या खालच्या कप्प्याचं टोक आकुंचन पावेनासं होतं. बाकीचा कप्पा रक्त ढकलत असतो आणि टोकाशी ते नुसतं घोळत राहतं. नदीच्या वळणावरच्या डोहात पाणी साचतं, तसं. भिंतीचं आतलं अस्तर सोललेलं असतं, त्या खरबरीत जागी रक्तकणिका चिकटतात. शिवाय झटक्यानंतर काही दिवस रक्तच साकळायला उतावीळ असतं. साचलेलं रक्त, दुखावलेली भिंत, साकळू पाहणारं रक्त: जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्चो यांच्या नावाने सांगितली जाणारी ही त्रिसूत्री तेव्हाही ठाऊक होती. त्या तिन्ही गोष्टी इथे एका टोकाशी गोळा होतात.

अशी गुठळी कधी तीन दिवसांत धरते, बहुतेकदा दोन आठवड्यांच्या आत. ती दुखत नाही, दम लावत नाही, नाडीत कळत नाही. बंद वाट उघडता येत नव्हती त्या काळात पुढच्या भिंतीच्या मोठ्या झटक्यांपैकी तीस-चाळीस टक्क्यांत ती सापडायची. सुटली तर पहिल्या ठोक्यासरशी महाधमनीत. तिथून मेंदूची वाट अगदी जवळ. मूत्रपिंड, आतडं, पाय यांचीही पाळी येऊ शकते. उपचार न मिळालेल्या अशा शंभर जणांतल्या दहा ते पंधरा जणांची गुठळी सुटते, बहुतेकांची पहिल्या तीन-चार महिन्यांत.

अध्यक्षांना रक्त पातळ करणारी औषधं दिली गेली. आधी हेपॅरिन, मग वॉरफरिन. वॉरफरिनचा उगम कुजलेल्या गोड क्लोव्हर चाऱ्यात. तो खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायची. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने चाऱ्यातलं द्रव्य शोधून काढलं आणि त्यावरूनच वॉरफरिन तयार झालं. 1948 पासून ते उंदीर मारायला विकलं जात होतं आणि माणसांसाठी मान्यता मिळून जेमतेम वर्ष झालं होतं. उंदराचं औषध राष्ट्राध्यक्षांना देणारे डॉक्टर दुसऱ्या गुठळीला ओळखून होते. तिला पाहायची सोय मात्र त्यांच्याकडे नव्हती. स्वीडनमध्ये एड्लर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदय टिपायला नुकती सुरुवात केली होती.

आज ध्वनिलहरींचीच तपासणी, टू-डी एको, तालुक्याच्या गावीही होते. टोकाशी शंका राहिली तर एमआरआय. गुठळी दिसली तर साधारण तीन महिने गोळी आणि पुन्हा एको. वॉरफरिन किंवा आपल्याकडे सर्रास दिली जाणारी ॲसिट्रोम चालू असेल तर आयएनआर (रक्त साकळायला किती वेळ लागतो त्याचं माप) दोन ते तीनमध्ये ठेवायचा. पालेभाजीने या गोळ्यांचा असर कमी होतो, तरी मेथी-पालक सोडायची गरज नाही, फक्त आज ढीगभर आणि उद्या काहीच नाही असं करायचं नाही. माझं कळकळीचं सांगणं एकच: स्टेंट बसला आणि घरी सोडलं की ही तपासणी आणि ही गोळी यांच्याकडेच सगळ्यात आधी दुर्लक्ष होतं, कारण तोवर माणूस हिंडू-फिरू लागलेला असतो.

25 ऑक्टोबर

रुग्णालयाच्या गच्चीवर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या अध्यक्षांचे फोटो निघाले. लाल नाइट सूटच्या खिशावर भरतकामात मजकूर होता: आता पुष्कळ बरं आहे, आभार. 11 नोव्हेंबरला ते डेन्व्हरहून निघाले. पुढच्या वर्षी निवडणूकही जिंकले.

मेलेल्या भिंतीच्या जागी तंतूंचा पातळ पडदा येतो आणि कधी कधी प्रत्येक ठोक्याला तो बाहेर फुगतो. त्यांच्या डाव्या कप्प्याला असा फुगवटा आल्याचा संशय लष्करी हृदयरोगतज्ज्ञ थॉमस मॅटिंगली यांना होता. 1969 मध्ये शवविच्छेदनात तो दिसला. डोह तिथे कायमचा राहिला होता.

सोमवार, 25 नोव्हेंबर 1957, दुपार

झटक्यानंतरचा 793 वा दिवस. मोरोक्कोचे राजे पाचवे मोहम्मद यांचं स्वागत करून अध्यक्ष कार्यालयात परतले. टेबलाशी बसताच डोकं गरगरलं. हातातल्या कागदावरचे शब्द पानाच्या वरच्या टोकाकडून निसटून जाऊ लागले. पेन पडलं. उचलायला गेले, जमेना. सचिव ॲन व्हिटमन यांना बोलावलं, तर तोंडातून निघालेल्या शब्दांचा एकमेकांशी मेळ बसेना.

डॉक्टरांनी निदान केलं: मेंदूच्या एका बारीक धमनीत अडथळा. अडथळा आणणारी गुठळी कुठून निघाली, हे बघायचं यंत्र त्या दिवशी पृथ्वीवर नव्हतं. माझा संशय त्या फुगवट्यावर आहे.

संध्याकाळ

राजांसाठी ठेवलेल्या मेजवानीला अध्यक्षांऐवजी मेमी आणि उपाध्यक्ष निक्सन गेले. वर खोलीत आयझेनहॉवर अंथरुणात होते. समोरच्या भिंतीवर त्यांचं आवडतं जलरंगातलं चित्र होतं, 'द स्मगलर्स'. त्याकडे ते पुन्हा पुन्हा बोट दाखवत होते. कोणीतरी नाव सांगितलं. त्यांनी ते म्हणून बघितलं, पण ओठांवर येईना.