रक्ताचा रिपोर्ट : हिमोग्लोबिनच्या खालचे आकडे काय सांगतात?

सायखेडा हे नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातले गोदाकाठचे गाव. राज्यातल्या इतर कुठल्याही गावाप्रमाणे इथेही ‘रक्त कमी आहे’ हे वाक्य नवे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय होता. रिपोर्ट हाती आला की आपण हिमोग्लोबिन पाहतो आणि लोहाच्या गोळ्या सुरू करतो. रक्त कमी का झाले, याचा माग मात्र त्याखालच्या आकड्यांत असतो.

लाल पेशी कशी तयार होते?

रक्तातला प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडतात. ते हाडांच्या आतल्या अस्थिमज्जेला पेशी वाढवायला सांगते. तिथे पेशीचे विभाजन होत जाते, तिच्यात हिमोग्लोबिन भरते, शेवटी केंद्रक बाहेर टाकले जाते आणि पेशी रक्तात उतरते. ती साधारण १२० दिवस जगते. निरोगी शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या पेशी तयार होतात.

लोह कमी असेल तर हिमोग्लोबिन नीट भरत नाही आणि पेशी लहान, फिकट राहतात. बी-१२ किंवा फोलेट कमी असेल तर विभाजन अडखळते आणि पेशी मोठ्या होतात. म्हणूनच पेशीचा आकार कारणाकडे बोट दाखवतो.

कोणता आकडा कशाचा?

• हिमोग्लोबिन (एचबी) : पुरुषांत १३, महिलांत १२ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. गरोदरपणी ही मर्यादा ११. दुसऱ्या तिमाहीत १०.५.
• आरबीसी : एक घन मिलिमीटर रक्तातल्या लाल पेशींची संख्या.
• एमसीव्ही : पेशीचा सरासरी आकार. साधारण ८० ते १००.
• आरडीडब्ल्यू : पेशींच्या आकारांत किती फरक आहे ते. साधारण ११.५ ते १४.५ टक्के.

प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी असते. ती रिपोर्टवरच छापलेली असते.

हिमोग्लोबिन एकच, कारणे दोन

समजा, दोन महिलांचे हिमोग्लोबिन १० आहे. पहिलीच्या लाल पेशी ४३ लाख, एमसीव्ही ७४ आणि आरडीडब्ल्यू १८. दुसरीच्या पेशी ५३ लाख, एमसीव्ही ६२ आणि आरडीडब्ल्यू १४.

पहिलीत पेशी लहान, कमी आणि वेगवेगळ्या आकारांच्या आहेत. हे चित्र लोहाच्या कमतरतेचे. दुसरीत पेशी फार लहान असूनही संख्या भरपूर आहे. इथे थॅलेसेमियाची वाहक असण्याची शंका घ्यावी लागते. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने (दशलक्षांत) भागून उत्तर १३ पेक्षा कमी आले, तर ही शंका बळावते. पहिलीचे उत्तर १७.२ येते, दुसरीचे ११.७. हा फक्त अंदाज आहे. खात्री पहिलीत फेरिटिन तपासणीने, तर दुसरीत हिमोग्लोबिनच्या एचपीएलसी तपासणीने होते.

फरक न ओळखल्यास दुसरी वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेत राहते आणि हिमोग्लोबिन हलत नाही. वाहक व्यक्तीला स्वतःला सहसा त्रास नसतो. पण पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते.

सीबीसीत न दिसणारे

सुरगाणा, पेठ भागातले मजूर हंगामात निफाडच्या द्राक्षबागांत येतात. महाराष्ट्रातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे, मात्र तो इतर समाजांतही आढळतो. सिकलसेल वाहकाचा सीबीसी बहुधा अगदी सामान्य येतो. त्यासाठी सोल्युबिलिटी आणि त्यानंतर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी अशी वेगळी तपासणी लागते. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले.

रिपोर्ट हाती आल्यावर

जुना रिपोर्ट जपून ठेवा आणि नव्याशी ताडून पाहा. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका. लिंबू, पेरू, आवळ्याने लोह चांगले शोषले जाते. महिनाभर नियमित गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढले नाही, तर कारण तपासायला डॉक्टरांना सांगा. पुरुषांत किंवा पाळी थांबलेल्या महिलांत लोह कमी आढळले, तर पोटात कुठे रक्तस्राव होत नाही ना, हे पाहणे आवश्यक असते. धाप, छातीत दुखणे किंवा चक्कर असेल तर थांबू नका.