मुक्कामाचे बळ

आल्प्स पर्वतात लोक आठ-आठ दिवस पायी हिंडतात. एक रात्र डोंगरातल्या एका निवाऱ्यात, दुसरी पुढच्या निवाऱ्यात. आज ही हौस आहे. पण तिचे मूळ हौसेत नाही. अकराव्या शतकात बर्नार्ड नावाच्या धर्मोपदेशकाने तेथील एका खिंडीत, सुमारे २,४७० मीटर उंचीवर, वाटसरूंसाठी मठ उभारला. बर्फात माणूस मरू नये, हा हेतू. पुढे १८६३ साली स्विस आल्पाइन क्लब निघाला आणि त्याच वर्षी त्याने टोडी शिखराच्या अंगाला पहिला निवारा बांधला. आता त्याचे निवारे दीडशेच्या घरात आहेत.

आपणां करमाळकरांना हे परके वाटू नये. त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी नगरवरून आपल्याच वाटेने पंढरीस जाते. तीन आठवड्यांहून अधिक दिवसांची ती चाल पायांच्या बळावर होते असे आपण समजतो. वस्तुतः ती मुक्कामाच्या बळावर होते. वारकऱ्याला भाकरी घालणारे गाव त्याच्याइतकेच चालत असते.

परंतु पालखी पुढे गेल्यावर एखादा वाटसरू एकटाच आला, तर त्याला पाठ टेकायला जागा मिळेल काय? खिंडीतला मठ अशा एकट्यासाठीच बांधला होता. रस्ता सरकार बांधते. मुक्काम मात्र गावालाच राखावा लागतो.